आकाशांतील मोडतोड आणि तिचा हिशेब

सन २०२२ चा गुढीपाडवा २ एप्रिल रोजीं होता. त्या दिवशीं रात्रीं पावणेआठच्या सुमारास विदर्भांत अनेक गांवांच्या आकाशांतून जळते निखारे ओळीनें सरकतांना दिसले. ही उल्का कीं विमान, हा तर्क चालू असतांनाच चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत, लाडबोरी गांवीं, सुमारें तीन मीटर व्यासाचें एक धातूचें कडें पडलेलें आढळलें. जवळपासच्या भागांत धातूचा एक गोळाही सांपडला. कोणास इजा झाली नाहीं. चीनचा 'लाँग मार्च ३ बी' हा अग्निबाण २०२१ च्या फेब्रुवारींत उडाला होता. त्याचा वरचा टप्पा तो हाच, असें कक्षेच्या नोंदींवरून जाणकारांनीं सांगितलें.

आकाशांतून वस्तु पडणें मराठी मुलखास नवें नाहीं. परतूरच्या ईशान्येस, सरळ रेषेनें सुमारें पन्नास किलोमीटरांवर, लोणारचें सरोवर आहे. काळ्या कठीण खडकांत जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा हा खळगा अशनीच्या आघातानें पडला. मग लाडबोरीचें कडें जमिनीवर नुसतें आदळून स्वस्थ कां पडलें? आकारमानांतील फरक आहेच. पण खरा फरक वेगाचा. लहान वस्तूचा वेग वातावरण खाऊन टाकतें. जेथें हवा जवळजवळ नाहींच, तेथें मात्र बोटभर तुकड्याचाही वेग वर्षानुवर्षें तसाच राहतो, आणि संकट आहे तें तेथें. परतूरहून जालना सरळ रेषेनें सुमारें ४५ किलोमीटर. हें अंतर खालच्या कक्षेंतील उपग्रह सहा सेकंदांत तोडतो. दोन वस्तु एकमेकींस आडव्या आल्या म्हणजे वेगांची बेरीज काय होईल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्यानंतर अमेरिकेनें आकाशांतील वस्तूंची यादी ठेवण्यास आरंभ केला. तिच्यामागें सुरक्षिततेपेक्षां शत्रूवर नजर ठेवण्याचा हेतु अधिक होता. पण खातें एकदां उघडलें म्हणजे त्यांत सर्वच जमा होतें. २९ जून १९६१ रोजीं एका अमेरिकन अग्निबाणाचा वरचा टप्पा कक्षेंत फुटला आणि त्याचे सुमारें तीनशें तुकडे झाले. तोंवर आकाशांत असलेल्या सर्व मानवनिर्मित वस्तूंहूनही ही संख्या मोठी होती. १९७८ मध्यें डोनाल्ड केसलर व बर्टन कूर-पाले या दोघां शास्त्रज्ञांनीं गणितानें दाखविलें कीं, टकरींतून तुकडे आणि तुकड्यांतून पुन्हां टकरी, अशी साखळी एकदां जुळली तर कांहीं कक्षा वापरण्याजोग्या उरणार नाहींत. १९९६ च्या जुलैंत याची चुणूक दिसली. दहा वर्षांपूर्वीं फुटलेल्या एका आरियान अग्निबाणाच्या तुकड्यानें 'सेरीज' या फ्रेंच उपग्रहाचा दांडा तोडला.

खरा धडा मिळाला तो १० फेब्रुवारी २००९ रोजीं. सैबेरियावर, सुमारें ७९० किलोमीटर उंचीवर, 'इरिडियम ३३' हा चालू अमेरिकन उपग्रह आणि 'कॉसमॉस २२५१' हा निकामी रशियन उपग्रह सेकंदाला सुमारें ११.७ किलोमीटर वेगानें एकमेकांवर आदळले. नोंदण्याजोगे तुकडे दोन हजारांवर झाले. विशेष हें कीं, दोन्ही वस्तु यादींत होत्या. एका प्रसिद्ध गणितानुसार त्या ५८४ मीटर अंतरानें एकमेकींजवळून जाणार होत्या, आणि त्या दिवसाच्या धोक्याच्या भेटींत ही जोडी अग्रभागींही नव्हती. अज्ञानानें ही टक्कर झाली नाहीं. नोंद होती, पण ती पुरेशी नेमकी नव्हती, आणि तिच्याकडे पाहून उपग्रह हलविणारा कोणी नव्हता. टोकन-पद्धतीच्या एकेरी लोहमार्गावर टोकन हातीं आल्यावांचून गाडी पुढें जात नाहीं. आकाशांत असा स्टेशनमास्तर आजही कोणी नाहीं.

भारताचें या खात्यांतील पहिलें मोठें पान भूषणावह नाहीं, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. २००१ च्या ऑक्टोबरांत उडालेल्या पीएसएलव्ही-सी३ चा शेवटचा टप्पा त्याच डिसेंबरांत कक्षेंत फुटला आणि तीनशेंहून अधिक तुकडे झाले. पुढें २७ मार्च २०१९ रोजीं भारतानें स्वतःचाच एक उपग्रह क्षेपणास्त्रानें फोडला. ही चाचणी सुमारें २८३ किलोमीटर इतक्या कमी उंचीवर केल्यानें बहुतेक तुकडे लवकर जळाले; तरी कांहीं वर उडालेच, आणि नोंदलेला शेवटचा तुकडा खालीं येण्यास २०२२ चा जून उजाडला. चीननें २००७ मध्यें ८६० किलोमीटरांच्या आसपास हाच प्रयोग केला, त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले. शेतांची छायाचित्रें घेणारा आपला 'रिसोर्ससॅट-२' सुमारें ८१७ किलोमीटरांवर फिरतो. म्हणजे परतूरच्या कपाशीचें चित्र घेणारा डोळा याच गर्दींतून जातो.

टक्कर टाळण्याची रीत मोठी रुक्ष आहे. रडारांनीं वस्तूचें स्थान पुन्हां पुन्हां मोजावयाचें, पुढच्या कांहीं दिवसांची वाट काढावयाची, मापनांतील चूक किती संभवते तें ठरवावयाचें, आणि टकरीची शक्यता ठराविक मर्यादेपलीकडे गेली तर उपग्रहाचें इंजिन क्षणभर चालवून त्याची वाट किंचित् बदलावयाची. इंधन मोजकें असल्यानें प्रत्येक हालचालीनें उपग्रहाचें आयुष्य थोडें घटतें; म्हणून प्रत्येक इशाऱ्यास घाबरून चालत नाहीं. 'इस्रो'नें बेंगळूर येथें यासाठीं 'नेत्र' हा प्रकल्प हातीं घेतला, आणि ११ जुलै २०२२ रोजीं या कामाच्या स्वतंत्र केंद्राचें उद्घाटन झालें. त्या एका वर्षांत भारतीय उपग्रहांस २१ वेळां बाजूस व्हावें लागलें. चंद्राभोंवतींही हें चुकलें नाहीं : ऑक्टोबर २०२१ मध्यें अमेरिकेच्या यानापासून दूर राहण्यासाठीं चंद्रयान-२ ची वाट बदलण्यांत आली.

उड्डाणाचा मुहूर्तही आतां हेंच गणित पाहून ठरतो. १४ जुलै २०२३ रोजीं चंद्रयान-३ चें उड्डाण चार सेकंद लांबविलें गेलें. त्याच महिन्याच्या ३० तारखेस पीएसएलव्ही-सी५६ एक मिनिट थांबला. १ जानेवारी २०२४ रोजीं उडालेल्या पीएसएलव्ही-सी५८ चा शेवटचा टप्पा, आपलें काम संपल्यावर, मुद्दाम ३५० किलोमीटरांपर्यंत उतरविण्यांत आला, उरलेलें इंधन बाहेर सोडलें गेलें, आणि २१ मार्च रोजीं तो पॅसिफिक महासागरावर वातावरणांत शिरला.