जोनीच्या टेबलापाशी

दार घट्ट लावून घ्या. बाहेर १९१४चा मॉस्कोचा हिवाळा आहे आणि या घरातल्या एकाला थंडी सोसत नाही. पायावरचा बर्फ झटका, कानटोपी काढा. चुलीची ऊब एकदम तोंडावर येईल, पाठोपाठ जळक्या लाकडाचा धूर. धुराच्या आड आणखी एक उग्र वास आहे, कातडी टिकवायच्या औषधांचा. घरधनी अलेक्झांडर कोट्स यांच्या कपड्यांना तो कायमचा चिकटलाय. त्यांनी १९०७ साली डार्विन संग्रहालय सुरू केलं, आणि पेंढा भरलेले पक्षी, कोल्हे, लांडगे यांतच त्यांचा दिवस जातो.

तुम्ही मात्र त्यांच्याकडे आलेला नाहीत. तुम्ही आलात त्यांच्या बायकोला भेटायला. नादेझ्दा लादिगिना-कोट्स. वय पंचविशीच्या आसपास, केस मागे बांधलेले, हाताशी वही.

काही बोलणार तोवर तुमच्या खांद्यावर धपकन काहीतरी पडेल. ओरडू नका! हा जोनी, चिंपांझीचं पिल्लू. गेल्या साली इथे आला तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता. त्याच्या तळव्याची ऊब मानेला लागेल, राठ केस गालाला टोचतील, लांबलचक बोटं सदऱ्याचं बटण चाचपू लागतील. आंबेनळी घाटाच्या कठड्यावरच्या माकडाला तुम्ही आजवर गाडीच्या काचेतून पाहिलंत. इथे काच नाही. त्याचा श्वास तुमच्या कानात शिरतोय.

आता टेबलापाशी बसा. समोर रंगीत तुकडे मांडलेत, वेगवेगळ्या आकारांचे. नादेझ्दाबाई त्यातल्यासारखाच एक उचलून जोनीला दाखवतात आणि हात पुढे करतात: अगदी असाच दे. जोनी एकदा तुकड्यांकडे बघतो, एकदा बाईंकडे. मधेच खिडकीवर काहीतरी वाजतं आणि स्वारी उठून पळते. परत आणायचं, बसवायचं, पुन्हा दाखवायचं. तुमची पाठ अवघडेल, जांभई येईल. बाईंना येत नाही. अखेर एक काळं बोट बरोबर तुकड्यावर येऊन टेकतं. वहीत नोंद होते, आणि तुकडे पुन्हा मांडले जातात.

या चिकाटीची किंमत आज कळते. नमुना दाखवायचा आणि त्याच्या जोडीचं निवडायला सांगायचं, ही पद्धत बाईंनी इथे बसवली. बोलता न येणाऱ्या प्राण्याला प्रश्न विचारायची वाट त्यातून मिळाली. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी माकडांसाठी, कबुतरांसाठी, माणसांसाठीही हीच रीत उचलली. याच सुमारास टेनेरिफ बेटावर मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर चिंपांझींना खोक्यावर खोकं रचून टांगलेली केळी काढताना पाहत होते. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकांत ठळक छापलं गेलं. नादेझ्दाबाईंचं शोधावं लागतं. मला हा उघड अन्याय वाटतो.

जोनी टेबलाला कंटाळलाय. तो सटकला, वर चढला, थेट छपरावर. बाई हाका मारताहेत, विनवताहेत. ढिम्म. खाऊ दाखवला तरी साहेब जागचे हलत नाहीत. आणि मग बाई डोळे मिटून रडायचं सोंग घेतात. आता बघा! जोनी सरसर खाली येतो, अंगावरचे केस पिंजारलेले. त्यांच्याभोवती धावत फिरतो. यांना कोणी दुखावलं ते शोधत असल्यासारखा इकडेतिकडे बघतो. मग जवळ येऊन त्यांची हनुवटी तळव्यात धरतो आणि बोटाने हळूच चेहऱ्याला स्पर्श करतो. तुमच्या घशात काहीतरी दाटून येईल, येऊ द्या. बाईंनी हे सगळं वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. जनावराला भावना असतात असं म्हणणारा शास्त्रज्ञ हळवा ठरण्याच्या त्या काळात हे लिहायला धैर्य लागत होतं.

डोळे मिटा. त्याच काळातल्या आंबेनळी घाटात उतरा.

अंगावरचा गरम कोट फेकून द्या, घामाने भिजाल. पोलादपूरहून निघालेल्या बैलगाड्या घाट चढताहेत. घुंगरं, चाकांची करकर, गाडीवानाचं ‘हो-हो-हो’. सुकटीचा वास पुढच्या गाडीतून मागच्या गाडीपर्यंत पसरलाय. वळणावर बैल दमले की चाकामागे दगड लावायचा आणि घटकाभर टेकायचं. तेवढ्यात झाडीत फांदी हलते. लाल तोंडाचं माकड, त्यामागे पोटाला पिल्लू बिलगलेली मादी. गाडीवानाची नजर आपल्या भाकरीच्या फडक्याकडे जाते, माकडाची नजर गाडीवानाच्या नजरेकडे. त्याने पाठ फिरवली की माकड दोन पावलं पुढे, तो मागे वळला की जागच्या जागी अंग खाजवत बसलेलं. गाडीवान हसून खडा उचलतो. त्याला ही लबाडी पुरती ठाऊक आहे. परसातला भोपळा राखणाऱ्या त्याच्या आईला तर त्याहून जास्त. या डोंगरातल्या लोकांनी माकडाचं डोकं पिढ्यान्‌पिढ्या वाचलं. वही घेऊन कोणी त्यांच्याजवळ बसलं नाही, एवढंच.

चला, परत मॉस्कोला. मधे वर्षं गेलीत. जोनी १९१६ साली गेला. त्याचं शरीर पेंढा भरून संग्रहालयात ठेवलंय. त्या कपाटासमोर फार वेळ थांबू नका, कारण घरात आता दुसरं मूल आहे. बाईंचा स्वतःचा मुलगा रूडी, जन्म १९२५. दुधाचा वास, वाळत घातलेली दुपटी, जमिनीवर पसरलेली खेळणी. आणि तीच वही! जोनी कशाला भ्यायला, रूडी कशाला भितो. जोनी एकटा सोडला की कसा आकांत करायचा, रूडी कसा करतो. हसणं, रुसणं, हट्ट, लपंडाव. मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत ही नोंद चालली.

रूडीच्या हातात पेन्सिल द्या. आधी नुसत्या रेघोट्या. जोनीलाही पेन्सिल ओढायची फार हौस होती. पण रूडीच्या रेघोट्यांतून हळूहळू ओळखू येणारे आकार निघू लागले, जोनीच्या शेवटपर्यंत रेघोट्याच राहिल्या. शब्दांचंही तेच. बाईंचा जोनीवर जीव होता, तरी हा फरक त्यांनी लपवला नाही. भावनांत दोघं किती जवळ आहेत ते त्यांनी दाखवलं, आणि चिंपांझी हा ‘जवळजवळ माणूस’ मात्र नव्हे, असंही ठणकावून सांगितलं. प्रेम आणि पुरावा, दोन्ही एका वहीत नांदवणारी ही बाई मला थोर वाटते ती त्यासाठी. या दोघांवरचं तिचं पुस्तक १९३५ साली रशियनमध्ये आलं. इंग्रजीत यायला २००२ उजाडलं. ती स्वतः १९६३ सालीच गेली होती.

आणि वही घेऊन माकडाशेजारी बसणारं कोणी आपल्याकडे निघालं का? निघालं. अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी कर्नाटकातल्या बंदीपूरच्या लालतोंड्या माकडांवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. तिथली माकडं माणसाच्या हातात खाणं दिसलं की विशिष्ट आवाज काढतात, हात पुढे करतात आणि खाऊ मिळाला की थांबतात. म्हणजे हे नुसतं हात हलवणं नव्हे. समोरच्या माणसाकडे त्यांनी केलेली ती मागणी असते.

म्हणून आंबेनळीतून जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कठड्यावरच्या माकडाने हात पुढे केला तर वेफरचं पाकीट फोडू नका. फेकलेल्या खाण्यासाठीच माकडं रस्त्यावर उतरतात, चाकाखाली येतात, पिशव्या ओढायला शिकतात, आणि मग खालच्या वाडीतली बाई आपल्या भाजीसाठी त्यांच्याशी भांडत बसते. वळण टाळून, मोकळी जागा बघून गाडी बाजूला घ्या, काच वर ठेवा आणि थोडा वेळ नुसतं बघा. माकड कुणाकडे बघतंय, कधी थांबतंय, पिल्लाला कधी जवळ ओढतंय. सोबत मूल असेल तर त्याच्या हातात वही-पेन्सिल द्या.