दावोसचा बर्फ कोण मोजतं?

दावोस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? जानेवारीतली परिषद, कोट घातलेले मुख्यमंत्री आणि करारांचे आकडे. मलाही तेवढंच माहीत होतं. पण या भागाची तयारी करताना तिथले वेगळेच आकडे सापडले. बर्फाचे.

दावोस हे स्वित्झर्लंडमधलं साधारण १,५६० मीटर उंचीवरचं गाव. एकोणिसाव्या शतकात क्षयाचे रुग्ण इथल्या हवेसाठी यायचे. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल आजारी पत्नीसाठी इथे राहिले, आणि मार्च १८९४ मध्ये स्कीवरून डोंगर ओलांडून पलीकडच्या अरोसाला गेले. तेव्हा लिफ्ट नव्हती. चढायचंही स्वतःच्याच पायांनी!

मग १९३२ मध्ये पार्सेन रेल्वे २,६०० मीटरच्या वर, वाइसफ्लुयोखपर्यंत पोचली. वरचे उतार मोकळे, झाडं नाहीत. तिथून थेट खाली क्युब्लिस गावापर्यंत सुमारे १२ किलोमीटर घसरत जाता येतं. स्कीवाल्यांची चंगळ झाली.

पण रेल्वेमुळे आणखी काही लोकांची सोय झाली. १९३६ पासून शास्त्रज्ञ तिथेच वर बर्फाचा अभ्यास करू लागले. खड्डा खणायचा आणि थर तपासायचे. कारण बर्फ वरून सारखा दिसला, तरी आत सारखा नसतो.

घरी करून बघा. ताटात साखर पसरा, वर भाकरी ठेवा आणि ताट तिरकं करा. भाकरी अख्खी घसरते ना? थंडीत बर्फाच्या आतही असे साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. त्यांच्यावर नवा बर्फ साचतो. साधारण ३० अंशांहून तीव्र उतार असेल, तर एका माणसाच्या वजनानेही वरचा थर सुटू शकतो. गंमत म्हणजे, स्कीला मजा येते ती याच उतारांवर.

१९४५ पासून दावोसची संस्था हिमस्खलनाचे इशारे देऊ लागली. तरी १९५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसं गेली. त्यानंतर डोंगरांवर पोलादी अडसर उभे राहिले, धोक्याचे नकाशे झाले. १९९९ मध्ये पुन्हा तसाच भयंकर हिवाळा आला. या वेळी मृत्यू होते १७.

सतरासुद्धा कमी नाहीत. पण ९८ आणि १७ यांच्या मधे कोणीतरी रोज सकाळी थंडीत उभं राहून बर्फ मोजत होतं.

हे वाचल्यापासून मला तो पांढराशुभ्र उतार फोटोत वेगळाच दिसतो. तुम्ही कधी गुलमर्गला किंवा आल्प्समध्ये गेलात, तर रील काढण्याआधी त्या दिवसाचा इशारा तेवढा वाचा. आखलेली वाट सोडून ताज्या बर्फात शिरायचा मोह होईलच. तेव्हा ती भाकरी आठवा.