मृतांचे शब्द आणि दोषाचा निर्णय : एरेबस दुर्घटनेवरील वाद

दिनांक २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंड कंपनीचे एक डीसी-१० विमान ऑकलंडहून अंटार्क्टिकाचे वरून दर्शन घडविण्यासाठी निघाले आणि दुपारी पाऊणच्या सुमारास रॉस बेटावरील एरेबस पर्वताच्या उतारावर आदळले. २३७ प्रवासी आणि २० कर्मचारी मिळून विमानातील २५७ माणसांपैकी एकही वाचला नाही. त्या वेळी न्यूझीलंडची लोकसंख्या एकतीस लाखांच्या आसपास होती. एवढ्या लहान देशात मृतांपैकी कोणाशी ना कोणाशी आपला संबंध होता असे म्हणणारी माणसे प्रत्येक गावात निघावीत, यात नवल नाही. शोकाच्या पाठोपाठ जो वाद उभा राहिला त्याने त्या देशाचे शासन, न्यायसंस्था आणि वृत्तपत्रे यांना अनेक वर्षे व्यापून टाकले. हा वाद सामान्यतः 'वैमानिकाची चूक की कंपनीची चूक' अशा सोप्या रूपात मांडला जातो. परंतु त्याच्या कागदपत्रांकडे भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले असता वादाचे मूळ निराळ्याच ठिकाणी असल्याचे आढळते. ज्याला उत्तर देता येत नाही, किंवा ज्याला उत्तर देऊ दिलेले नाही, त्याच्याविषयी दोषाचे वाक्य उच्चारण्याचा अधिकार कोणाला, आणि ते कोणत्या पुराव्यावर, हा खरा प्रश्न होता.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात पाहू. या सहलींचा मार्ग कंपनीच्या संगणकात नोंदलेला असे. १९७८ साली रेखांशाचा एक आकडा चुकीचा भरला गेल्यामुळे मार्गाचे शेवटचे टोक पश्चिमेकडे सरकले होते, आणि सुमारे चौदा महिने संगणकातील मार्ग एरेबसवरून न जाता मॅकमर्डो सामुद्रधुनीच्या सपाट, बर्फाळ पृष्ठावरून जात होता. कॅप्टन जिम कॉलिन्स आणि सहवैमानिक ग्रेग कॅसिन यांना ९ नोव्हेंबर रोजी जी पूर्वसूचना देण्यात आली तिच्यातही हाच मार्ग दाखविला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री तो आकडा 'दुरुस्त' करण्यात आला. टोक सुमारे २७ सागरी मैल पूर्वेस गेले व मार्ग पुन्हा थेट पर्वतावरून आखला गेला. ही गोष्ट विमान चालविणाऱ्यांना कोणीही सांगितली नाही.

विमान अपघात विभागाचे मुख्य निरीक्षक रॉन चिपिंडेल यांचा अहवाल जून १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. विमानाच्या स्थानाची निश्चिती नसताना, आणि जमीन व क्षितिज स्पष्ट दिसत नसताना, कमी उंचीवरून पुढे जाण्याचा कॅप्टनचा निर्णय हे अपघाताचे संभाव्य कारण होय, असा त्याचा निष्कर्ष होता. मार्गबदलाची गोष्ट अहवालात नाही असे नाही. ती आहे, पण कारणाच्या वाक्याचा कर्ता कॅप्टन आहे. येथे एक लक्षात घेतले पाहिजे. अशा अहवालांत 'कारण' हा शब्द तटस्थ, जवळजवळ पदार्थविज्ञानातील असल्यासारखा वापरला जातो. १९५१ साली प्रथम स्वीकारल्या गेलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टाचेही तत्त्व हेच आहे की चौकशीचा हेतू भावी अपघात टाळणे हा असावा, दोष वा दायित्व ठरविणे हा नसावा. परंतु कारण म्हणून एखाद्या माणसाचा 'निर्णय' सांगितला की सामान्य वाचक ते वाक्य दोषाचे म्हणूनच वाचतो. मराठीत 'कारण' आणि 'ठपका' हे शब्द कितीही दूर ठेवले तरी वृत्तपत्राच्या मथळ्यात ते एकत्र येतात. इंग्रजीतही तेच झाले.

लोकांच्या आग्रहामुळे शासनाने न्यायमूर्ती पीटर माहॉन यांचा एकसदस्य राजकीय चौकशी आयोग नेमला. माहॉन यांच्यापुढे जो पुरावा आला त्यातील सर्वांत विलक्षण भाग कॉकपिटमधील ध्वनिमुद्रिकेचा होय.

या यंत्रावर संभाषणाची शेवटची तीस मिनिटे राहतात. कॉकपिटमध्ये त्या वेळी दोन वैमानिक, दोन अभियंते आणि प्रवाशांसाठी निवेदन करणारे अंटार्क्टिकाचे जाणकार पीटर मलग्रू अशी पाच माणसे होती. यंत्रांचा आवाज, बाहेरचे रेडिओसंदेश, एकाच वेळी बोलणारी माणसे आणि ये-जा करणारे प्रवासी, यांतून शब्द वेचून काढायचे होते. वॉशिंग्टन येथे एका गटाने ध्वनिफीत पुनःपुन्हा ऐकून, सर्वांची सहमती झाली तेवढेच शब्द लिहून एक शब्दांकन तयार केले. पुढे चिपिंडेल यांनी इंग्लंडमधील फार्नबरो येथे ती पुन्हा ऐकली आणि शब्दांकनात बदल व भर केली. या भरीतील एक वाक्य पुढे फार गाजले : 'बिट थिक हिअर, ए बर्ट?' म्हणजे 'इथे जरा दाट आहे, नाही का, बर्ट?' विमान ढगात शिरले होते व ते कॉकपिटमधल्या माणसांना जाणवत होते, असा त्याचा अर्थ होऊ शकत होता. अडचण एवढीच की कॉकपिटमध्ये बर्ट नावाचा कोणीही नव्हता. त्याच ध्वनींचे दुसरे वाचन सुचविण्यात आले ते 'धिस इज केप बर्ड' असे. 'हे केप बर्ड' म्हणणारा माणूस ढगात चाचपडत नसून डोळ्यांसमोरचे भूशिर ओळखू पाहत असतो.

दोन्ही वाचनांत ध्वनींचे अंतर किती अल्प आहे हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत शब्दान्तीचा ट आणि ड यांतील भेद पुष्कळदा त्या व्यंजनात नसून आधीच्या स्वराच्या लांबीत असतो, आणि गोंगाटात पहिला बळी त्या लांबीचाच जातो. मग ऐकणारा आपल्या अपेक्षेने रिकामी जागा भरतो. विमान ढगात होते असे ज्याला आधीच वाटते त्याला 'थिक' ऐकू येते. येथे कोणावर अप्रामाणिकपणाचा आरोप करण्याचे कारण नाही. ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या कानाविषयी हा धडा शिकतो. परंतु प्रयोगशाळेत बोलणाऱ्याला बोलावून 'तुम्ही काय म्हणालात?' असे विचारता येते. एरेबसवर ती सोय नव्हती. ज्या खाजगी बोलण्याचा उपयोग बोलणाऱ्याविरुद्ध होणार होता, त्याची दुरुस्ती करण्यास बोलणारा हयात नव्हता.

तीच गोष्ट स्वराविषयी. अभियंत्यांच्या बोलण्यात चढती भीती ऐकू येते असे चिपिंडेल यांचे मत होते. टक्करीपूर्वी अर्ध्या मिनिटाच्या आत एक अभियंता 'मला हे पसंत नाही' अशा अर्थाचे बोलतो, यात वाद नाही. कॅप्टन कॉलिन्स यांनी वर चढण्याचे ठरविल्याचेही ऐकू येते. पण त्यापूर्वीच्या साध्या वाक्यांत भीती होती की नव्हती? माहॉन यांनी परदेशी जाऊन ध्वनिफीत स्वतः ऐकली आणि अशी चढती भीती आपणांस आढळली नाही, असा निर्णय दिला. शेवट ठाऊक असलेल्या श्रोत्याला शांत आवाजातही कंप ऐकू येतो, ही शक्यता त्यांनी गंभीरपणे घेतली.

ध्वनिमुद्रिका हा खाजगी आयुष्याचा एकच तुकडा नव्हता. मृत प्रवाशांचे कॅमेरे बर्फावर सापडले. त्यांतील फिती धुण्यात आल्या. कुटुंबीयांना दाखविण्यासाठी काढलेली ती चित्रे आयोगापुढे पुरावा म्हणून ठेवली गेली, आणि त्यांतून खिडक्यांबाहेरचा देखावा स्वच्छ असल्याचे दिसले. विमान ढगाखाली होते. समोरचा पांढरा उतार आणि वरचा पांढरा ढग एकमेकांत मिसळून सपाट भूमीचा आभास होत होता. ध्रुवप्रदेशातील या दृष्टिभ्रमाला व्हाइटआउट म्हणतात. कॅप्टन कॉलिन्स यांच्या पत्नीने साक्ष दिली की उड्डाणाच्या आदल्या रात्री त्यांनी घरी नकाशे आणि अॅटलास पसरून मार्ग आखला होता, व मुलींना तो दाखविला होता. रात्रीच्या त्या घरगुती प्रसंगाला फार मोठे महत्त्व आले. मार्ग सामुद्रधुनीतून जातो अशी कॅप्टनची खात्री होती हे त्यावरून दिसत होते. कॅप्टनची रिंगबाइंडर वही बर्फावर सापडली तेव्हा तिच्यात लिहिलेली पाने होती अशी पोलिसाची साक्ष होती. घरी परत आली तेव्हा ती पाने नव्हती.

या वादाविषयी लिहिताना बहुतेक लेखक खाजगीपणा आणि सत्यशोधन यांना दोन विरुद्ध पक्ष मानतात. एरेबसचा पुरावा त्याला पुरता अनुकूल नाही. कॉकपिटमधील खाजगी बोलण्याने कॅप्टनला दोषी ठरविण्यास मदत केली, तर घरातील खाजगी रात्रीने त्यांची सुटका केली. आणि सर्वांत कडेकोट खाजगीपणा पाळला तो व्यक्तींनी नव्हे, कंपनीने. या प्रकरणाची कागदपत्रे एकाच संचिकेत ठेवून जादा प्रती नष्ट कराव्यात असा आदेश तिच्या मुख्याधिकाऱ्यांनी दिला होता. कंपनी शासनाच्या मालकीची होती, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

माहॉन यांचा अहवाल एप्रिल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. वैमानिकांना न कळविता मार्ग बदलणे हे त्यांनी प्रमुख कारण ठरविले आणि वैमानिकांना दोषमुक्त केले. इथपर्यंतचा भाग संयमाचा नमुना आहे. पण त्याच अहवालात कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या साक्षींविषयी बोलताना त्यांनी जो शब्दसमूह योजला त्याचा मराठी अर्थ 'सूत्रबद्ध रीतीने रचलेली असत्यांची मालिका' असा होईल. शिवाय कंपनीने दीड लाख डॉलर खर्चापोटी द्यावेत असा आदेश केला. कंपनी न्यायालयात गेली. डिसेंबर १९८१ मध्ये अपील न्यायालयाने खर्चाचा आदेश रद्द केला आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने माहॉन यांचे अपील फेटाळले. कारण असे की ज्या अधिकाऱ्यांवर कटाचा आरोप ठेवला त्यांना तो आरोप आधी सांगून उत्तर देण्याची संधी दिली नव्हती. नैसर्गिक न्यायाचा भंग झाला होता. अपघाताच्या कारणाविषयीचा निष्कर्ष मात्र या न्यायालयांनी उलटविला नाही, आणि त्या कामाविषयी प्रिव्ही कौन्सिलने गौरवोद्गारच काढले. माहॉन यांनी १९८२ मध्ये न्यायासन सोडले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या निकालातील विसंगती कटू आहे. मृत वैमानिकांना न ऐकता दोष दिला गेला, याची सर्वांत प्रखर जाणीव ज्या न्यायाधीशाला झाली, त्यानेच जिवंत माणसांना न ऐकता दोष दिला. त्यांचा संशय खरा होता की खोटा हा निराळा प्रश्न आहे; पुष्कळांना तो खराच वाटतो. पण कायद्याने पाहिले ते वाक्य आणि त्याच्या आधीची शांतता. मृतांच्या बाबतीत तो भंग तपासण्यास मात्र कोणतेही न्यायालय नव्हते, कारण मृत माणूस पक्षकार होत नाही.

ध्वनिमुद्रकाविषयीची भीती त्याच्या जन्मापासूनची आहे. मेलबर्नच्या वैमानिकी संशोधन प्रयोगशाळेतील डेव्हिड वॉरन यांनी १९५० नंतरच्या दशकात ही कल्पना मांडली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या वैमानिक संघटनेने ती पाळत ठेवण्याचा प्रकार म्हणून धिक्कारली होती. वॉरन यांचे स्वतःचे वडील १९३४ च्या एका विमान अपघातात गेले होते. न्यूझीलंडमध्ये हा प्रश्न कायद्यापुढे आला तो ९ जून १९९५ रोजी पामरस्टन नॉर्थजवळ अॅन्सेट कंपनीचे विमान डोंगराला धडकून चार माणसे मृत्यू पावली तेव्हा. या वेळी वैमानिक वाचले होते. पोलिसांनी ध्वनिमुद्रिका मागितली. वैमानिक संघटनेने विरोध केला. १९९७ मध्ये अपील न्यायालयाने पोलिसांचा अधिकार मान्य केला. त्यावर १९९९ मध्ये कायदा दुरुस्त करून अशी मुद्रिका फौजदारी खटल्यातून वगळण्यात आली. या अपघातातील कॅप्टनवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि २००१ मध्ये तो निर्दोष सुटला. त्याला न्यायालयात उभे राहून बोलता आले, हा एरेबसपेक्षा मोठाच फरक.

भारतीय वाचकाला हा सर्व इतिहास दूरचा वाटत असेल तर १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतरचा प्रकार आठवावा. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे मरण पावली. १२ जुलै रोजीच्या प्राथमिक अहवालात इंधनाच्या कळा बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. कॉकपिटमधील संभाषणाविषयी एवढेच होते की एका वैमानिकाने दुसऱ्याला इंधन का तोडले असे विचारले व दुसऱ्याने आपण तसे केले नाही असे उत्तर दिले. कोण 'एक' आणि कोण 'दुसरा' हे सांगितले नव्हते, मूळ शब्दही दिले नव्हते. शब्द लपविले की मृतांची लाज राखली जाईल, असा यामागे विचार असावा. परिणाम उलटा झाला. अप्रत्यक्ष कथनात संबोधन गळते, आदरार्थी रूप गळते, प्रश्न आश्चर्याचा की आरोपाचा हे सांगणारा स्वर गळतो. उरतो तो केवळ आशय, आणि त्याला कर्ता जोडण्याचे काम वाचकांवर पडते. ते काम देशी-परदेशी वृत्तपत्रांनी काही दिवसांतच केले. मुंबईत राहणाऱ्या कॅप्टनच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या अर्जावर बोलताना न्यायालयाने, आपल्या मुलाला दोषी ठरविले गेले आहे असे ओझे त्यांनी मनावर बाळगू नये, अशा आशयाचे उद्गार काढले.

न्यूझीलंडमध्ये माहॉन यांचा अहवाल संसदेपुढे अधिकृतपणे ठेवला गेला तो १९९९ साली. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी शासनाच्या वतीने कुटुंबीयांची क्षमा मागितली ती २८ नोव्हेंबर २०१९ रोजी, दुर्घटनेला चाळीस वर्षे झाली त्या दिवशी. कॅप्टन कॉलिन्स यांच्या वहीतील पाने सापडलेली नाहीत.