शर्यतींतून घालविलेली सायकल

गेल्या वर्षीं माझ्या दोन्ही गुडघ्यांनीं जिना चढण्याचें नाकारलें, तेव्हां डॉक्टरांनीं मला घरच्या घरीं सायकल चालविण्याचा सल्ला दिला. ज्यानें पस्तीस वर्षें शाळेंत सायकलवरूनच ये-जा केली, त्याला हें काय अवघड, असें आपणांस वाटेल. परंतु दुकानांतून आणलेल्या पहिल्या यंत्राची अरुंद बैठक माझ्या कमरेला पंधरा दिवसांतच असह्य झाली आणि पुढें त्या यंत्रावर पंचे वाळूं लागले. दुकानदारानें तें परत घेतलें नाहीं. निवृत्तिवेतनांतून दुसरें यंत्र घ्यावयाचें, तर या खेपेस चूक परवडणारी नव्हती. म्हणून इतिहासाच्या मास्तरानें जें करावें तेंच मीं केलें. वस्तूचा पूर्वेतिहास शोधूं लागलों. पाठ टेकून, पाय पुढें पसरून चालवावयाची जी सायकल बाजारांत ‘रिकम्बंट’ या नांवानें मिळते, तिची हकीकत आज आपणांपुढें ठेवतों. यंत्र निवडतांना मला दुकानदाराच्या बोलण्यापेक्षां या हकीकतीचाच अधिक उपयोग झाला.

व्यायामाचें हें यंत्र म्हणजे रस्त्यावरील सायकलचें घरांत आलेलें अपत्य, असा माझाही समज होता. वस्तुस्थिति उलट आहे. दोन चाकांवर बसून जाण्याची गाडी जर्मनींत कार्ल ड्राइस यानें १८१७ सालीं प्रथम चालविली, आणि तिला पेडल नव्हतेंच. त्यापूर्वीं एकवीस वर्षें, १७९६ सालीं, लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स यानें ‘जिम्नॅस्टिकॉन’ नांवाच्या जागच्या जागीं चालणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें. पायांखालीं लांकडी पट्ट्या, हातांशीं फिरवावयाच्या दांड्या. दोन्ही एकत्र चालत किंवा वेगवेगळ्या. संधिवात, पक्षघात, अशक्तता यांनीं गांजलेल्यांसाठीं तें मुख्यतः योजिलेलें होतें. तथापि दिवसभर बैठें काम करणाऱ्या व्यापाऱ्यानें वा पंडितानें वाचतां-लिहितांना तें चालवावें, अशीही त्याची शिफारस होती. म्हणजे माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचा विचार करणारा माणूस सव्वादोनशें वर्षांपूर्वींच होऊन गेला होता!

पाठीच्या टेक्याची गोष्ट मात्र पॅरिसकडे जाते. तेथील शार्ल मोशे हा लहान मोटारगाड्या बांधणारा कारागीर. दोन चाकांची सायकल मुलाला धोक्याची होईल, असें त्याच्या पत्नीला वाटे, म्हणून त्यानें मुलासाठीं चार चाकांची, पायांनीं चालवावयाची गाडी केली, असें सांगतात. पुढें मोठ्यांसाठींही त्यानें तशी दोन आसनांची गाडी काढली व तिला ‘व्हेलोकार’ हें नांव दिलें. मोटार घेण्याची ऐपत नसलेल्यांना ती उपयोगी पडे. पण वेगानें वळतांना चार चाकांवर तिचा तोल राही ना. तेव्हां मोशेनें जणूं ती गाडी मधोमध कापून अर्धीच ठेवली: चाकें दोन, बैठक खुर्चीसारखी, पेडलें पुढें.

फ्रांसिस फोर नांवाचा दुसऱ्या श्रेणीचा शर्यतपटू या सायकलवर बसावयास तयार झाला. त्याला त्या आसनांत पाहून इतर खेळाडू, हा निजावयास निघाला कीं काय, अशी थट्टा करीत. एका तासांत ४४ किलोमीटर २४७ मीटर जाण्याचा ऑस्कार एग याचा उच्चांक १९१४ पासून कोणासही मोडतां आला नव्हता. ७ जुलै १९३३ रोजीं पॅरिस येथें फोर एका तासांत ४५ किलोमीटर ५५ मीटर गेला आणि थट्टा थांबली. वाद मात्र तेथूनच सुरू झाला. ही सायकल म्हणावी कीं नाहीं? आंतरराष्ट्रीय सायकल-संघानें १९३४ सालीं सायकलची नवी व्याख्या केली. पेडलांच्या आसापासून बैठक किती मागें असावी, आस जमिनीपासून किती उंच असावा, यांचीं मापें तींत घातलीं आणि मोशेची सायकल तेवढ्यानेंच शर्यतीबाहेर गेली. त्याच वर्षीं मोशे वारला. फोरनें १९३९ सालीं वारा कापणारें आवरण घातलेल्या त्याच जातीच्या सायकलवर तासाला पन्नास किलोमीटरांची मर्यादा ओलांडली, पण ती जुन्या वहींत चढली नाहीं.

उदाहरण निराळ्या रीतीनें सोडविलें म्हणून उत्तर बरोबर असतांही गुण कापणारे परीक्षक मीं पाहिले आहेत. क्वचित् मी स्वतःही तसा वागलों आहें. म्हणून संघाला फार दोष देण्याचें मला धैर्य होत नाहीं. पण निर्णय मला पटत नाहीं. पुढें चाळीस वर्षें या जातीकडे कोणी फारसें फिरकलें नाहीं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांच्यासारख्यांनीं १९७० नंतर तिला पुन्हां रस्त्यावर आणलें, आणि त्यानंतर ती व्यायामशाळांतून व घरांतून शिरली.

आतां फोरची सायकल वेगवान् कशानें झाली? चालविणारा खालीं टेकून बसल्यामुळें समोरून येणाऱ्या वाऱ्यास थोडें अंग लागतें, एवढेंच तिचें रहस्य. दिवाणखान्यांत तर वारा नाहींच. म्हणजे ज्या वेगामुळें ती बहिष्कृत झाली, तो घरांत निरुपयोगी. आणि जिची थट्टा झाली ती निजण्यासारखी बैठकच तेवढी शिल्लक राहते. हें ध्यानांत आल्यावर कोणत्या गोष्टीला पैसे द्यावे याबद्दल माझा संशय फिटला. चकचकीत पडदे मीं पाहिलेच नाहींत. तशी हौस जुनीच आहे. १९१२ सालीं बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील व्यायामगृहांतही जागच्या सायकलींपुढें भिंतीवर भली मोठी तबकडी होती.

मी सौभाग्यवतीला बरोबर घेऊन गेलों. तिची उंची पावणेपांच फूट. बैठक रुळावर मागेंपुढें सरकते. ती अगदीं पुढें आणली असतां लांबच्या पेडलावर टाच टेकून गुडघा किंचित् वांकलेला राहिला पाहिजे. तीन यंत्रांपैकीं दोन येथेंच बाद झालीं, आणि त्यांतलें एक सर्वांत महाग होतें! तिसऱ्यावर आम्ही दोघे आळीपाळीनें दहा-दहा मिनिटें बसलों. दुकानदार कंटाळला, त्यास माझा इलाज नव्हता. चढतांना पाय किती उंच उचलावा लागतो आणि यंत्र किती वजनाच्या माणसाचा भार सोसतें, तेंही पाहिलें.

राहिला प्रश्न पायांना होणाऱ्या विरोधाचा. स्वस्त यंत्रांत चाकाला पट्टा घासतो; तो झिजतो आणि आवाज करितो. दुसरी रीत चुंबकाची. फिरत्या धातूजवळ चुंबक आणला असतां स्पर्शावांचून तिची गति रोधली जाते. हें फ्रान्सच्या फूकोनें १८५५ सालींच दाखविलें होतें, आणि डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनीं १९१३ सालीं प्रयोगशाळेंतील सायकलला असाच विजेचा चुंबकीय लगाम घातला. घरगुती यंत्रांत साधे चुंबक असतात. खुंटी फिरविली कीं ते चाकाच्या जवळ वा दूर सरकतात. त्याला वीज लागत नाहीं. तेंच काम मोटारीनें करणारीं यंत्रें बरींच महाग पडतात, आणि बिघडावयास त्यांत एक वस्तु अधिक. आम्हीं खुंटीचें घेतलें.

या आसनांत शरीराचा भार पायांवर पडत नाहीं. गुडघ्यांना तें सुखाचें असलें, तरी हाडांना भार हवा असतो, म्हणून डॉक्टरांनीं सपाट रस्त्यावर चालणें बंद करूं दिलेलें नाहीं.

यंत्र खिडकीपाशीं ठेवलें आहे. सकाळीं मी त्यावर वर्तमानपत्र वाचतों. दुपारीं सौभाग्यवती मटार सोलीत बसते. आरंभीं माझीं दहा मिनिटें होत, आतां वीस होतात. जिना अजून कठड्याला धरूनच चढतों, पण मधल्या पायरीवर थांबावें लागत नाहीं.