तक्रारीचा फेरा

एका महाविद्यालयात व्याख्यानासाठी गेलो होतो. जिन्याच्या वळणावर एकाच समितीची तीन नावे भेटली. रंगवलेल्या जुन्या फलकावर 'अंतर्गत तक्रार समिती', त्याच्याखाली चिकटवलेल्या कागदावर नुसतेच 'अंतर्गत समिती', आणि वाट दाखवणाऱ्या शिपाईमामांच्या तोंडी 'ती होय, विशाखा समिती'. वर पोचल्यावर विद्यार्थ्यांकडून चौथे नाव कळले: आयसीसी. क्रिकेटवाली नव्हे.

फलक आणि कागद यांच्यामध्ये गळालेला शब्द 'तक्रार'. हा पेंटरचा आळस नाही, संसदेची करणी आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा झाला तेव्हा समितीच्या नावात तक्रार होती. 2016 च्या एका दुरुस्ती कायद्याने ती काढून टाकली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे उच्च शिक्षणसंस्थांसाठीचे विनियम नावाने 2015 चे. ते राजपत्रात आले 2 मे 2016 रोजी, आणि त्यांत तक्रार शाबूत आहे. दुरुस्ती झाली त्याच मे महिन्यात. म्हणजे एका हाताने शब्द पुसला जात असताना दुसरा हात तोच शब्द देशभरच्या विद्यापीठांना गिरवायला देत होता. समिती केवळ तक्रारी घेत बसत नाही, चौकशी करते, शिफारशी करते, म्हणून नाव आखूड केले असावे. मला मात्र त्या गळालेल्या शब्दाचीच ओढ लागली.

'तक्रार' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबीत 'तक्रार' म्हणजे पुनरावृत्ती, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे किंवा सांगणे. धातू क-र-र. तुर्कीत 'तेकरार' म्हणजे आजही साधे 'पुन्हा'. मुशायऱ्यात शेर आवडला की श्रोते 'मुकर्रर!' ओरडतात, तो याच धातूचा: पुन्हा होऊ द्या. हिंदी-उर्दूत आणि गुजरातीत 'तकरार' म्हणजे भांडण, शाब्दिक चकमक. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत तर प्रेमिकांचा लटका रुसवा. कन्नडमधला 'तकरारु' हरकतीच्या, वादाच्या अर्थाचा. एकच बोलणे पुन्हा पुन्हा झाले की त्याचा वाद होतो, आणि वादातला एक पक्ष तेच पुन्हा पुन्हा वरिष्ठांच्या कानी घालू लागला की त्याची मराठी तक्रार होते. अर्थाचा प्रवास असा झाला असावा.

तक्रार येण्यापूर्वी आपल्याकडे काय होते? गाऱ्हाणे होते. ते संस्कृत 'गर्हण'पासून, म्हणजे निंदा, दोष देणे. पण कोकणात गाऱ्हाणे घालतात ते देवापुढे. एक जण मोठ्याने मागणे मांडतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे 'होय महाराजा' म्हणून दुजोरा देतात. निंदेचा शब्द सामूहिक आर्जवाचा कसा झाला, हे स्वतंत्र कोडे आहे. फिर्याद फारसी, मूळ अर्थ मदतीसाठी फोडलेली हाक. ती आता पोलीस ठाण्यात नोंदवतात. विद्यार्थी यांपैकी काहीच म्हणत नाहीत. ते 'कम्प्लेंट टाकतात'. त्या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला 'प्लांगेरे' आहे, म्हणजे छाती पिटणे. आपले 'ऊर बडवणे' त्याच्या शेजारी ठेवून पाहावे.

या सगळ्या अर्थांतल्या 'पुनरावृत्ती'ने मला सोडले नाही. छळ झालेली मुलगी तो प्रकार आधी खोलीतल्या मैत्रिणीला सांगते. मग वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना, मग विभागातल्या एखाद्या विश्वासाच्या मॅडमना, मग लेखी अर्जात, मग समितीसमोर, कधी पोलिसांना, कधी अपिलात. दर वेळी पहिल्यापासून. अरबी वैयाकरणाला आपण या शब्दाचा अर्थ बदललाच नाही असे वाटले तर त्याचे चूक म्हणता येणार नाही. विनियमांतही पुनरावृत्ती वेगळ्या वाटेने शिरली आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची; पण घटनांची मालिका असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजायची, आणि सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. जिला शारीरिक वा मानसिक कारणाने स्वतः सांगता येत नाही तिच्या वतीने मैत्रीण, नातेवाईक, सहाध्यायी, मानसशास्त्रज्ञ यांपैकी कुणीही तक्रार करू शकते. दुसऱ्याच्या तोंडून झालेली पुनरावृत्ती, म्हणजे खरीखुरी तक्रार.

इथे एका जुळ्याची गाठ पडते, म्हणजे जुळ्यासारख्या दिसणाऱ्याची. पेशवेकालीन न्यायाच्या कागदांत 'तकरीर' हा शब्द वारंवार येतो: वादी-प्रतिवादीने आपली बाजू मांडून लिहून दिलेले निवेदन. तक्रार आणि तकरीर सख्ख्या बहिणी वाटतात, पण नाहीत. अरबीत दोन वेगळे 'क' आहेत. तक्रारीचा क साधा, तकरिरीचा घशाच्या तळातून येणारा. या दुसऱ्या धातूचा, क़-र-र चा, अर्थ स्थिर होणे, ठरणे. करार, इकरार, करारी माणूस, 'तारीख मुक्रर केली' हे सगळे त्याचे वंशज. मराठीने दोन्ही क एकाच अक्षरात कोंबल्यामुळे मुशायऱ्यातला 'मुकर्रर' (पुन्हा) आणि कचेरीतला 'मुक्रर' (ठरलेला) हे एकाच घरचे वाटू लागले. फेर धरणाऱ्या धातूकडून स्थिर करणाऱ्या धातूकडे जाणे, तक्रारीची तकरीर होणे, एकदा सांगितलेले नीट नोंदले जाऊन तिथेच पक्के होणे, हेच या समित्यांचे काम आहे असे व्युत्पत्तीवर विसंबून म्हणायचा मोह होतो.

त्यासाठी विनियमांनी मुदती 'मुक्रर' केल्या आहेत. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला, त्याचे उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल त्यापुढच्या दहा दिवसांत. समितीच्या प्रमुख वरिष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. विद्यार्थ्यांचा संबंध असेल तर तीन विद्यार्थी सदस्य, तेही निवडून आलेले. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना मज्जाव. हा नियम लिहिणाऱ्याला विद्यापीठे आतून ठाऊक असावीत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात 1999 पासून अशीच, निवडून आलेल्या प्रतिनिधींची समिती होती. 2017 मध्ये ती मोडून तिच्या जागी नियमातली आयसीसी आली.

वेगही बेताचाच हवा. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये कारवाई रद्द करून ते समितीकडे परत पाठवले. समितीने घाई केली, समोरच्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून. अशा वेळी विद्यार्थिनींच्या वाट्याला काय येते? तेच. पुन्हा. त्याच निकालात न्यायालयाने देशभर समित्या खरोखर आहेत की नाहीत हे तपासायला सांगितले. 'चौकशी' या शब्दात 'चौ' म्हणजे चार आणि 'कस' म्हणजे कसोटीचा कस असावा, चारही अंगांनी घासून पाहणे. तीन अंगांनी घासले की काय होते हे या प्रकरणात दिसते.

आता 'लैंगिक छळ'. मराठीत छळ म्हणजे जाच. संस्कृतात 'छल' म्हणजे फसवणूक. हिंदीने तो अर्थ राखला, आपण तो 'छळकपट'सारख्या जोडशब्दात अडकवून ठेवला. न्यायदर्शनात मात्र छल हा सोळा पदार्थांपैकी एक आहे. बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला हरवणे, म्हणजे छल. ठरलेले उदाहरण 'नवकंबल' माणसाचे. म्हणणाऱ्याला नवे कांबळे अभिप्रेत आहे. छल करणारा 'नव' म्हणजे नऊ घेतो आणि विचारतो, कुठे आहेत याच्याकडे नऊ कांबळी? 'ती हसली, म्हणजे तिची हरकत नव्हती', 'मी तर गंमत केली' ही वाक्ये कुठल्याही समितीच्या सदस्याला नवी नसतील. प्राचीन नैयायिकाने ती ऐकून लगेच शेरा मारला असता: वाक्छल.

'लैंगिक'ची गंमत आणखी वेगळी. लिंग म्हणजे मुळात खूण. धूर हे अग्नीचे लिंग. वैशेषिक सूत्रांत खुणेवरून होणाऱ्या ज्ञानाला, म्हणजे अनुमानाला, 'लैंगिक' म्हटले आहे. तेव्हा कणादाच्या एखाद्या शिष्याला आपला फलक दाखवला, तर तो 'अनुमानातली शब्दच्छलाची युक्ती' असे काहीतरी वाचून बुचकळ्यात पडेल. पण बंद दाराआडच्या घटनेला साक्षीदार नसतोच. वागण्यातला बदल, संदेशांच्या वेळा, टाळलेले तास अशा खुणांवरूनच समितीला पुढे जावे लागते. ते ज्ञान जुन्या अर्थानेही लैंगिकच.

पोलिसांचा शब्द वेगळा: विनयभंग. 1860 च्या दंड संहितेत 'मॉडेस्टी' होती, तिचे मराठीत 'विनय' झाले, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 मध्येही ती टिकून आहे. या मॉडेस्टीची व्याख्या संहितेत कधीच नव्हती. रूपन देओल बजाज यांच्या प्रकरणात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी चक्क ऑक्सफर्डचा कोश उघडला. न्यायाधीशांना कोश चाळताना पाहून कुणाही शब्दवेड्याला आनंद व्हावा. तिथे सापडलेला स्त्रीसुलभ मर्यादेचा आणि शुचितेचा अर्थ वाचून तो आनंद टिकत नाही. आपला 'विनय' त्याहून बरा निघतो. वि आणि नी, वळण लावणे, शिकवणे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे पहिले अधिकरणच 'विनयाधिकारिक', राजपुत्राच्या शिक्षणाचे. विनय म्हणजे शिस्त, विनेय म्हणजे शिष्य. मग विनयभंगात मोडतो तो कुणाचा विनय? शब्दाप्रमाणे पाहिले तर तो तिचा नव्हे, मोडणाऱ्याचाच. किंवा जिथे विनय शिकवतात त्या संस्थेचा.

बौद्ध संघाच्या नियमांचे नावही विनय. धर्मानंद कोसंबींमुळे मराठी वाचकाला हे नियम अपरिचित नाहीत. भिक्षूने वासनेने स्त्रीला स्पर्श करणे, तिच्याशी अश्लील बोलणे हे संघादिसेस नावाचे गंभीर दोष: सहा दिवसांचे प्रायश्चित्त, आणि परत सामावून घ्यायला किमान वीस भिक्षूंची सभा. एकत्र राहून शिकणाऱ्या मंडळींची इतकी जुनी आचारसंहिता दुसरीकडे क्वचितच सापडावी.

त्यात 'अनियत' नावाचे दोन नियम आहेत. भिक्षू एकांतात स्त्रीसोबत बसलेला दिसला, पण दोष कोणता हे ठरलेले नाही, अशा प्रसंगासाठीचे. त्यांची उगमकथा अशी. उदायी नावाचा भिक्षू एका तरुणीसोबत आडोशाला बसलेला एका उपासिकेने पाहिला. तिने त्याला सांगितले, हे योग्य नाही. त्याने ऐकले नाही. तिने जाऊन इतर भिक्षूंना सांगितले, तेथून गोष्ट बुद्धापर्यंत गेली आणि नियम झाला: 'जिच्या शब्दावर विश्वास ठेवावा' अशी उपासिका असे काही सांगेल तेव्हा, भिक्षूच्या कबुलीनुसार किंवा ती सांगेल त्यानुसार, त्याच्यावर कारवाई व्हावी. पुढच्या विवरणात कबुलीकडे झुकते माप गेलेले दिसते, पण मूळ नियमात तिचा शब्द आहे. एकदा सांगून भागले नाही म्हणून पुन्हा सांगणाऱ्या या उपासिकेचे नाव विशाखा.

आपली 'विशाखा समिती' तिच्यावरून नाही, हे आधी सांगायला हवे. राजस्थानात भंवरीदेवी या साथिणीवरील, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावकार्यकर्तीवरील, अत्याचारानंतर ज्या संस्था न्यायालयात गेल्या त्यांतल्या एकीचे नाव विशाखा. 13 ऑगस्ट 1997 चा निकाल त्या नावाने ओळखला गेला, आणि त्याने घालून दिलेल्या समित्यांना महाराष्ट्रात तेच नाव चिकटले. इंग्रजी निकालपत्रात त्यातला 'ह' गळून 'विशाका' झाले आहे; मराठीने बोलण्यात तो परत आणला. शब्द मूळचा नक्षत्राचा, अर्थ फांद्या फुटलेली. वैशाख त्यावरूनच. योगायोगाला व्युत्पत्ती म्हणू नये हे मला मान्य आहे. तरी शिपाईमामांचे नाव मला फलकापेक्षा जास्त आवडते.

समितीचे दोन पूर्वज आहेत. अथर्ववेदात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली. जैन परंपरेत समिती म्हणजे जपून वागणे. पाच समित्यांपैकी एक भाषासमिती, दुखावणार नाही असे तोलून बोलणे. प्रश्न विचारायला बसणाऱ्यांनी हा दुसरा अर्थ ध्यानात ठेवावा. मराठीने 'जवाब'चे दोन तुकडे करून ठेवले आहेत, 'जबाब' नोंदवायचा आणि 'जाब' विचारायचा. आणि जबाब द्यायला आलेल्या मुलीलाच जाब विचारला जातो, असे ऐकू येते. छळाच्या प्रतिबंधाबद्दल एकच शब्द. अनुदान आयोगाच्या 2013 च्या अहवालाचे नाव 'सक्षम'. त्यातला क्षम् धातू समर्थ असण्याचा, तसाच सोसण्याचा आणि क्षमा करण्याचाही. नाव ठेवताना पहिलाच अर्थ मनात असावा.

राहता राहिला क-र-र चा सर्वांत जुना अर्थ. पुनरावृत्ती ही नंतरची. आधीचा अर्थ स्वारांचा: मागे वळून पुन्हा चाल करणे. अरबी युद्धरीतीत 'कर्र व फर्र' अशी जोडी येते, वळून हल्ला करणे आणि पळणे. पहिल्यापासून आपली तक्रार आली. दुसऱ्यापासून फरार.