वर्गाबाहेरील तालीम : हरिपुरा ठराव आणि चलथाण परिसरातील शैक्षणिक सहली

सुरत जिल्ह्यातील चलथाण हे गाव सहकारी साखर कारखान्यामुळे आणि सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानकामुळे परिचित आहे. याच मार्गाने बार्डोलीस उतरून पुढे गेले की तापीच्या काठी हरिपुरा हे खेडे आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ५१ वे अधिवेशन भरले. ५१ बैलांच्या रथातून निघालेली अध्यक्षांची मिरवणूक आणि नंदलाल बोस यांनी चितारलेली ग्रामजीवनाची चित्रे यांचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत हमखास येतो. त्याच मंडपात राष्ट्रीय शिक्षणाविषयी ठराव संमत झाला, तो मात्र बहुधा एका ओळीत आटोपला जातो. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम ही त्याची तीन कलमे होत. अंमलबजावणीसाठी मंडळ स्थापण्याचे काम डॉ. झाकीर हुसेन आणि आर्यनायकम् यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यातून एप्रिल १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला आणि झाकीर हुसेन त्याचे अध्यक्ष झाले.

झाकीर हुसेन त्या वेळी जामिया मिल्लिया इस्लामियाचे शेखुल जामिया होते. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेत त्यांनी गांधीजींच्या समक्ष काही शंका स्पष्टपणे मांडल्या होत्या, आणि तरीही अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. २ डिसेंबर १९३७ रोजी सादर झालेला हा अहवाल ‘चरख्याची योजना’ म्हणून ओळखला गेला. वास्तविक, शाळेच्या उत्पन्नावर भर देताना शिक्षणाचा हेतू झाकोळला जाऊ नये, असा इशारा अहवालातच आहे. सामान्य विज्ञानाच्या भागात आसपासची झाडे, पक्षी, प्राणी व ऋतू यांचे निरीक्षण आहे. तारे पाहून रात्री दिशा आणि वेळ ओळखता यावी, अशी अपेक्षा आहे. समाजशास्त्राच्या भागात आपल्या परिसराचा अभ्यास आणि नकाशा काढणे आहे. ही कामे चार भिंतींत बसून होणारी नाहीत. शिक्षकाने मुलांना घेऊन बाहेर पडावे, हे येथे अभ्यासाचाच भाग म्हणून गृहीत धरलेले आहे.

मुस्लिम समाजात या योजनेचे एकमुखी स्वागत झाले नाही, हेही नमूद केले पाहिजे. मुस्लिम लीगच्या पीरपूर अहवालात तिच्यावर कडक टीका झाली. धार्मिक शिक्षणाला अभ्यासक्रमात स्थान नसणे हा आक्षेप पुष्कळांच्या मनात होता, आणि तो निराधार म्हणून झटकून टाकण्याजोगा नव्हता. पुढे देशभर टकळी फिरली, हातखर्चापुरते सूत निघाले. निरीक्षणाचा भाग मात्र मागे पडला. माध्यमिक शाळांसाठी मुदलियार आयोगाने (१९५२–५३) स्काउट शिबिरांची शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव आणला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य हे नाव दिले. नावे बदलत गेली. शाळेच्या वार्षिक नियोजनात उरली ती डिसेंबर-जानेवारीतली एक सहल, आणि तीही बहुतेक ठिकाणी वॉटर पार्क किंवा रिसॉर्टकडे वळली.

चलथाणच्या बाबतीत हे अधिकच खटकते, कारण या लोहमार्गावर इतिहासाचे इतके धडे पसरलेले आहेत की बस ठरविण्याचीही गरज नाही. पहिला थांबा बार्डोलीचा. १९२८ च्या सत्याग्रहाचे केंद्र असलेला स्वराज आश्रम तेथे आहे. २२ टक्के सारावाढीविरुद्ध शेतकरी उभे राहिले, हे पुस्तकात असते. पण सारा म्हणजे काय, तो कोण ठरवी, जमीन जप्त झाली म्हणजे घरात काय होई, हे प्रश्न गावात उभे राहूनच सुचतात. या लढ्यात अब्बास तय्यबजी आणि इमामसाहेब अब्दुल कादिर बावाझीर यांनीही काम केले. दोन वर्षांनी, मे १९३० मध्ये, धरासणा मिठागराच्या सत्याग्रहाचे नेतृत्व तय्यबजींकडे आले आणि १२ मे रोजी त्यांना अटक झाली. बडोदे संस्थानाचे हे निवृत्त न्यायाधीश तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. २१ मे रोजी सरोजिनी नायडूंसह जे पुढे आले, त्यांत इमामसाहेब होते. दांडीला गांधीजी ज्या ‘सैफी व्हिला’त उतरले, तो बंगला दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांचा, पुढे तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. ३० जानेवारी २०१९ रोजी दांडीला राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक खुले झाले, त्यामुळे आता तेथे शाळांची वर्दळ असते. विद्यार्थी पुतळ्यांसमोर छायाचित्रे काढतात. सैफी व्हिला कोणाचा, हे त्यांतील कितीजण विचारतात, याचा शोध अध्यापकांनी घ्यावा.

बार्डोलीच्या पुढे व्यारा, सोनगड, नवापूर आणि नंदुरबार. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादहून नंदुरबारमार्गे खंबायतकडे गेला, तो याच पट्ट्यातून. नंदुरबारच्या मराठी लोकांविषयी त्याने लिहिले आहे, आणि त्यापुढील नदीकाठच्या ज्या गावाचे व तेथील बागांचे वर्णन केले आहे, ते गाव बहुतेक अभ्यासक सोनगड मानतात. उर्दूच्या तासाला सफरनामा शिकविला जातो, मराठीच्या तासाला प्रवासवर्णन. पण विद्यार्थ्याने स्वतः सफर केलीच नाही, तर दोन्ही तासांना तो दुसऱ्यांचेच शब्द उतरवतो. नवापूर स्थानक तर चालता बोलता नकाशा आहे. त्याचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातमध्ये. १९६० च्या द्विभाजनाचा धडा फलाटावर दहा मिनिटांत उमगतो.

चलथाणमध्ये असताना आणखी एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. उसाच्या हंगामात खानदेश आणि डांग भागातून तोडणी मजूर दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर येतात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि मुले त्यांच्याबरोबर पडावावर राहतात. जान ब्रेमन यांनी या मजुरांवर १९७० च्या दशकापासून लिहिले आहे. ही मुले महिनोन्‌महिने उघड्यावरच असतात. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ती ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ आहेत. अहिराणी किंवा भिली बोलणाऱ्या या मुलांना हवी आहे ती शाळा. सहलीच्या कार्यक्रमात पडावाची भेट ठेवायची असेल, तर तमाशा पाहिल्यासारखी नको. आधी त्यांच्या शिक्षणाची चौकशी करून जावे.

सहलींविषयी पालकांच्या मनात आज जी भीती आहे, तिला कारण आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात नाव उलटून १२ शाळकरी मुले आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. त्यानंतर परवानगीचे नियम कडक झाले, ते योग्यच झाले. मात्र दोन्ही घटनांत मुले पाण्यावर मौजेसाठी गेली होती. संस्थाचालकांनी यावरून सर्वच सहली बंद केल्या, तर स्वराज आश्रमही बंद होतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना १० दिवसांची तरतूद आहे. माध्यमिक वर्गांनाही त्या धर्तीवर दिवस देण्यास संस्थांना कोणी अडविलेले नाही.

क्रीडास्पर्धांचे चित्र थोडे बरे आहे. गुजरातमध्ये २०१० पासून खेल महाकुंभ होतो आणि तालुक्यापासूनच्या स्पर्धांत खेड्यातील मुलेही उतरतात. तथापि शाळा अकरा खेळाडू निवडते आणि उरलेले पाचशे टाळ्या वाजवतात, ही जुनी खोड कायम आहे. मुंबईच्या हॅरिस शील्डमध्ये १९८८ साली तेंडुलकर–कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, ती सर्वांना पाठ असते. अंतिम सामन्यात समोर अंजुमन-इ-इस्लामचा संघ होता, हे फारसे कोणी सांगत नाही. मोठ्या संघापुढे दिवसभर क्षेत्ररक्षण करणारी ती मुलेही खेळच शिकत होती.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. पालक खेळाला किंवा सफरीला सरसकट नकार देत नाहीत. ते मुक्काम, सोबत आणि परतीची वेळ विचारतात. शिक्षिका बरोबर असल्या, आयांना आधी बोलावून कार्यक्रम समजावून दिला आणि दोघी-तिघी आया सोबत घेतल्या, तर बार्डोलीच्या सहलीला हरकत घेण्याजोगे काही उरत नाही. चलथाणहून सकाळी निघून स्वराज आश्रम पाहता येतो, जुहर आणि असरची नमाज बार्डोलीत होते, आणि मगरिबच्या आत मुली घरी पोहोचतात.