पॅकिंगची धूळ

थंड गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिक-टिक-टिक असा आवाज यायचा. पाच-सात मिनिटांत इंजिन तापायचं आणि आवाज गायब. मामांच्या ॲम्बॅसडरची ही टिकटिक ऐकून दुसरा मेस्त्री टॅपेट सेट करायला धावला असता. मामा बॉनेटही न उघडता सांगायचे, "टॅपेट न्हवं त्ये. पॅकिंग फुकलंय."

टॅपेटचा आवाज इंजिन गरम झाल्यावर असा पुसून जात नाही. ही टिकटिक मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या फटीतून निसटणाऱ्या धुराची. लोखंड तापून फुगतं, फट बुजते, आवाज थांबतो. तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? बिघडलं हे, की त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो गाडीत शिरला तर वासानं कळत नाही.

मॅनिफोल्ड म्हणजे फाटे फुटलेला ओतीव नळ. एक कार्बोरेटरकडून हवा आणि पेट्रोल आत नेतो, दुसरा जळका वायू सायलेन्सरकडे. आजच्या बऱ्याच गाड्यांत हे दोघे इंजिनाच्या दोन बाजूंना असतात. ॲम्बॅसडरमध्ये एकाच बाजूला, वरखाली, चिकटून.

हे घर मूळचं इंग्रजांचं. ऑस्टिन कंपनीनं 1947 साली काढलेलं हे इंजिन पुढे 'बी-सीरिज' म्हणून ओळखलं गेलं. त्याचाच 1489 सीसीचा अवतार 1959 पासून उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसडरमध्ये बसला. हेड हॅरी वेस्लेक नावाच्या अवलियाच्या डोक्यातून आलेलं. त्यात चार सिलिंडरना आत येण्याची दारं दोनच आणि बाहेर जाण्याची तीन. म्हणजे वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत दारं सामाईक. एक्झॉस्टच्या उष्णतेनं वरचा नळ ऊबदार राहतो आणि थंडीतही पेट्रोलची नीट वाफ होते. इंग्लंडच्या हिवाळ्यात हे शहाणपणाचं. आमच्या मे महिन्यात पेट्रोल नको तितकं तापायचं.

खरी गोम मात्र वायसरमध्ये आहे. दोन्ही मॅनिफोल्डना मिळून एकच लांब पॅकिंग. एका स्टडवरचा जाड वायसर अर्धा वरच्या कानावर बसतो, अर्धा खालच्या. दोन्ही कानांची जाडी सारखी असेल तरच तो दोघांना सारखं दाबणार. एक कान केसभर पातळ असला की नट कितीही आवळा, वायसर जाड्या भावावर जाऊन बसतो आणि बारका सुटा राहतो. बारका वरचा असला तर गाडी 'एअर घेते': आयडलिंगला थरथरते, फुसफुसते. खालचा असला तर टिकटिक. लोक आणखी आवळतात, स्टड तुटतो, आणि मग खरा खर्च सुरू होतो.

यावरचा सोपा उपाय म्हणजे लेप. मेस्त्रीलोकांत तो शेलॅकचा. शेलॅक म्हणजे लाख, पळसा-बोरा-कुसुमावरच्या किड्यानं केलेली. पांडवांना जाळण्यासाठी घर ज्याचं बांधलं होतं, ते एक्झॉस्टला फासायचं म्हणजे गंमतच! काही शे अंशांत त्याचा कोळसा होतो. आजच्या साध्या सिलिकॉनचीही तिथे तीच गत. या जोडाला लेप लागतच नाही. लागतो सपाटपणा, आणि कोरडं, ताजं पॅकिंग.

या पॅकिंगमध्ये आगीला न भिणारी वस्तू हवी. अनेक दशकं ती एकच होती: ॲस्बेस्टॉस. दगडाचा धागा. पत्र्यात किंवा तारेच्या जाळीत दाबून बसवला की बिचारा काही करत नाही. जुनं पॅकिंग करपून हेडला चिकटतं आणि ते कोरडं खरवडलं की त्याची धूळ होते.

मामा कोरडंच खरवडायचे. पत्र्याची पट्टी, मग पॉलिश पेपर, मग तोंड जवळ नेऊन फूऽऽ. मी सुट्टीत आलेलो असलो की ती फुंकर माझ्या वाट्याला. उन्हाच्या तिरिपीत धूळ चमकायची. मला ते फार आवडायचं.

त्या धुळीबद्दल तेव्हा जगाला ठाऊक नव्हतं असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. ते खोटं आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात नेली केर्शॉ ही ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी कामगार 1924 साली वारली. वय 33. विल्यम कुक या डॉक्टरनं तिची फुप्फुसं तपासून त्याच वर्षी निष्कर्ष छापले. 1930 साली सरकारी अहवाल आला, 1931 मध्ये धुळीविरुद्ध नियम झाले. म्हणजे आमच्या ॲम्बॅसडरचं इंजिन बाजारात उतरलं तेव्हा त्याच देशात हे नियम सोळा वर्षांचे होते! पण ते ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांपुरते. तयार पॅकिंग उघडणारा गॅरेजवाला त्यांत कुठेच नव्हता.

आपल्याकडेही तेच. 1986 साली सरकारनं ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणं थांबवलं. आयात चालू राहिली. त्याच साली अमेरिकेत खास मोटार मेकॅनिकांसाठी सूचनापुस्तिका निघाली. भर ब्रेक आणि क्लचवर होता, पण निदान गॅरेजमधल्या माणसाशी कुणीतरी बोललं. 1995 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, जे नंतर येईल तोवर, जपून ठेवा. कारण हा आजार दशकांनी उगवतो. निकाल मोठाच. पण नोंद ठेवायला हजेरीपट असावा लागतो. मामांच्या गॅरेजात दोन पोरं, एक कुत्रं आणि उधारीची वही होती.

शेवटची काही वर्षं मामांना दम लागायचा. ते विडी ओढायचे, त्यामुळे डॉक्टरांनी पुढचं काही विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. काय सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

ते गेल्यावर गाडी मी उघडली. आधी पॅकिंगवर साबणाचं पाणी मारून ते भिजू दिलं, तोंडाला चांगला मास्क बांधला, ओलंच अलगद उचललं. चिंध्यांसकट दोन पिशव्यांत बांधलं. ब्लोअर मारला नाही, फुंकर तर नाहीच. मग पट्टी आणि फीलर गेज लावून पाहिलं: खालचा मॅनिफोल्ड टोकाला वाकलेला. दोन्ही एकमेकांना बोल्ट करून उद्यमनगरात नेले आणि एकत्रच फेस मारून घेतला, म्हणजे दोघे एका पातळीत येतात. कानांची जाडीही तिथेच सारखी करून घेतली. नवं बिनॲस्बेस्टॉसचं पॅकिंग कोरडंच बसवलं. नट पितळेचे, म्हणजे गंजून धरत नाहीत. आवळणं मधून सुरू करून टोकांकडे, थोडं थोडं. एकदा इंजिन तापवून, पूर्ण थंड होऊ देऊन पुन्हा एक फेरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे चावी फिरवली. मामी उंबऱ्यात चहा घेऊन उभ्या होत्या. बराच वेळ ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "बंद कर बाबा. आवाज न्हाई तर ह्यांची गाडीच वाटंना."